शिक्क्याखालचे कर्नल

आमच्या घरमालकांची गाडी कायम रस्त्याकडे तोंड करून उभी असे. जर्मनीत यात विशेष काही नाही, पुष्कळ लोक गाडी उलटी लावतात. पण त्यांना कारण विचारलं तर ते डिकीबद्दल किंवा विम्याबद्दल बोलतात. आमचे मालक म्हणायचे, घोडा नेहमी दाराकडे तोंड करून बांधावा, शत्रू आला की वळवायला वेळ नसतो. शत्रू म्हणून त्या गल्लीत आठवड्यातून एकदा कचऱ्याची गाडी यायची, आणि तीही वर्षाच्या सुरुवातीला वेळापत्रक घरी पाठवून.

हा घोडा कर्नलचा. कर्नल म्हणजे मालकांचे आजोबा, आईचे वडील. मेक्सिकोच्या क्रांतीत ते घोडदळात लढले होते. क्रांती समजावून सांगायला मालक जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरीच्या बाटल्या मांडत. वर्षानुवर्षं खुर्ची न सोडणाऱ्या एका म्हाताऱ्या अध्यक्षाविरुद्ध उठाव, मग उठाव करणाऱ्यांचा एकमेकांविरुद्ध उठाव, आणि या सगळ्यात कसेल त्याला जमीन मिळावी म्हणून मेलेली हजारो माणसं. आपल्याकडच्या माणसाला समजायला फारसं अवघड नाही. तरी ते समजावत, आणि दर वेळी मिरीची बाटली पाडत.

मी तेव्हा गेर्लिंगेनच्या एका मोठ्या कंपनीत गुणवत्ता विभागात होतो. दोन हजार अकरापासून पाच वर्षं आम्ही या गृहस्थांच्या तळमजल्यावर राहिलो. ते वर एकटे. गावाचं नाव सांगत नाही, गाव लहान आहे. त्यांचंही नाव सांगत नाही. घरात आम्ही त्यांना नातूसाहेब म्हणायचो, कारण दर तिसऱ्या वाक्यात ते कर्नलचे नातू असत. हे नाव माझ्या बायकोनं ठेवलं. पुण्यात तिच्या माहेरी बरेच दिवस समज होता की जर्मनीत आम्हाला कोकणस्थ घरमालक मिळाला आहे आणि म्हणूनच भिंतीला खिळा ठोकायला परवानगी लागते.

मालकांचा जन्म मेक्सिकोतला. वडील जर्मन, तिथल्या एका कापड गिरणीत यंत्रं बसवायला गेलेले. मालक वर्षाचे असताना आईवडील सहा महिन्यांसाठी म्हणून जहाजानं जर्मनीला आले. पोराला प्रवास सोसायचा नाही म्हणून आजोबांकडे ठेवलं. मग महायुद्ध सुरू झालं आणि सहा महिन्यांची अकरा वर्षं झाली. बाराव्या वर्षी मालक जर्मनीत उतरले तेव्हा त्यांना जर्मन येत नव्हतं, पण घोड्याला नाल ठोकता येत होती. पुढे ते ड्रायव्हिंग शिकवणारे झाले. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्याकडे गाडी शिकल्या, आणि त्या सगळ्यांना क्लचबद्दल कमी आणि लगामाबद्दल जास्त माहिती होती.

कर्नलची वचनं त्यांच्या तोंडी सतत असत. "तहाची बोलणी करायला जाताना नवे बूट घालू नयेत, पळताना चावतात." "घाबरलेला स्वार घोड्याला दोष देतो." मी एकदा गाडी मागे घेताना त्यांचं गुलाबाचं झाड आडवं केलं तेव्हा हे दुसरं वचन मला सलग आठवडाभर ऐकायला मिळालं. जर्मनीच्या या श्वाबेन भागात जिना झाडायची पाळी असते, दर आठवड्याला एका भाडेकरूची. त्या पाळीची पाटी ते आमच्या दाराला अडकवत, एक पाऊल मागे सरत, आणि सॅल्यूट करत. पहिल्या वेळी मी हसलो. दुसऱ्या वेळी मीही सॅल्यूट केला. माणसाची घसरण अशीच सुरू होते.

भाषण हा त्यांचा दुसरा छंद. गल्लीच्या उन्हाळी मेळाव्यात भाषण, तळघरात नवा बॉयलर बसवला तेव्हा भाषण. बॉयलरच्या भाषणाला श्रोते चार होते, त्यात बॉयलर बसवणारा धरून. तेवीस मिनिटांनी तो माणूस मला हळूच म्हणाला, "आल्झो, बरं तर, मला अजून दोन घरं करायची आहेत."

मी स्वभावानं संशयी, आणि नोकरीही संशयाचीच. भाग बनवणाऱ्यानं तो बरोबर आहे म्हटलं की तो चूक आहे असं धरून मोजायला लागायचं, त्याचा पगार मला मिळतो. त्यामुळे कर्नलच्या गोष्टी मी मोजत गेलो. हिवाळ्यात सांगितलेल्या गोष्टीत कर्नलनी एक पूल एकट्यानं राखला होता. उन्हाळ्यात तीच गोष्ट सांगताना त्या पुलावर सात जण होते. मी विचारलं तेव्हा मालक शांतपणे म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. पण बाकीचे सहा मेलेले होते." कर्नलच्या अंगावरच्या गोळ्यांच्या जखमा मी राहायला आलो तेव्हा तीन होत्या, पुढच्या वर्षी चार, आणि मग पाच. पाचवर मात्र त्या थांबल्या. बायकोला मी म्हटलं, अजून दोन वर्षं राहिलो तर कर्नलची चाळणी होईल.

एक गोष्ट ते फार अभिमानानं सांगत. कर्नल अंघोळ करत तेव्हा दाराला आतून अडसर, आणि बाहेर हा नातू, चार-पाच वर्षांचा असल्यापासून, हातात रिकामी बंदूक घेऊन पहाऱ्याला. लढाईच्या दिवसांतही कर्नल कधी इतर शिपायांबरोबर नदीत उतरले नाहीत. कारण अंघोळीच्या वेळी माणूस निःशस्त्र असतो, आणि शूर माणसाला मारायला लोक तीच वेळ निवडतात. मला ही गोष्ट पटायची. सगळ्या गोष्टींत तेवढी एकच पटायची.

दोन हजार चौदाच्या शरद ऋतूत माझे बाबा तीन महिन्यांसाठी आले. बाबा जिल्हाधिकारी कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या नोकरीतली बरीच वर्षं स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनचे अर्ज तपासण्यात गेली. बेचाळीस साली भूमिगत होतो म्हणून अर्ज करणाऱ्या एका पुढाऱ्याची जन्मतारीख बघून त्यांनी विचारलं होतं, "भूमिगत म्हणजे, पाळण्याखाली का?" त्या प्रश्नापायी त्यांची बदली झाली. असा माणूस आणि कर्नलचे नातू एका छपराखाली आले तर मजा येईल, असं मला वाटत होतं.

मजा आली, पण वेगळीच. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. मालक श्वाबिश जर्मनमध्ये बोलत, बाबा मराठीत, आणि दोघं दुपारभर अंगणातल्या बाकावर बसून राहात. मालक त्यांना 'हेर पापा', म्हणजे श्रीयुत बाबा, म्हणत, बाबा त्यांना 'मालक'. मी एकदा मधे पडून भाषांतर करायला गेलो तर दोघंही गप्प झाले. मी गेल्यावर पुन्हा सुरू झाले.

त्याच सुमारास गावाच्या नगरपालिकेनं एक प्रदर्शन भरवायचं ठरवलं. गावात बाहेरून येऊन वसलेली माणसं, त्यांच्या घरातल्या वस्तू, त्यांची कहाणी. मालकांना निमंत्रण आलं. ते पत्र घेऊन ते खाली आले तेव्हा त्यांनी टाय बांधला होता. कर्नल रातहाउसच्या, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीच्या, भिंतीवर लागणार होते. मालक बारा वर्षांचे असताना याच गावातली पोरं त्यांना काय काय म्हणत, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, "आता त्यांच्यासमोर आजोबा उभे राहतील. माणसाइतक्या उंचीचे."

त्यांचे डोळे मोतीबिंदूनं अधू झाले होते. म्हणून त्यांनी पत्र्याची एक पेटी माझ्या हवाली केली. त्यातले कागद स्कॅन करायचे, आणि नगरपालिकेच्या छापील यादीत भरायचे. क्रमांक, वस्तू, साल, स्थिती, आणि शेवटचा रकाना विशेष नोंदीचा. पेटीत एक फोटो होता. रुंद हॅट, चौकोनी हनुवटी, छातीवर काडतुसांचे पट्टे, आणि नजर अशी की फोटो काढणाऱ्यानं घाईनं काम उरकलं असावं. बाकी नेमणुकीचं पत्र, घोड्याची पावती, आणि म्हातारपणी जुन्या सैनिकांच्या सन्मानपत्रासाठी केलेला अर्ज. अर्जाला तीन साक्षीदारांचे जबाब आणि डॉक्टरचा दाखला जोडलेला.

हा अर्ज बघून बाबांचा चेहरा उजळला. म्हणाले, "अरे, हे तर आपलंच प्रकरण."

त्यांनी टेबल पुसून घेतलं, कागद तारखेप्रमाणे लावले, कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले. स्पॅनिश त्यांना येत नव्हतं, पण अर्ज येत होता. डॉक्टरच्या दाखल्यातले आकडे मी त्यांना वाचून दाखवले. फोनवर शब्द बघत बघत आम्ही जखमांच्या यादीपर्यंत आलो. खांदा, मांडी, पोटरी, पुन्हा मांडी, कंबर, आणि फोनला न वाचता आलेली एक. मी मोजल्या. सहा. मालक पाचवर थांबले होते. मी तीन वर्षं ज्या आकड्याला हसत होतो तो खऱ्यापेक्षा एकनं कमी होता.

बाबा दाखला हातात घेऊन उलटसुलट करत होते.

"हा शिक्का इथे का?" ते म्हणाले.

सगळ्या कागदांवर गोल जांभळा शिक्का खाली होता, सहीवर. या एकाच दाखल्यावर तो वर, छापील रकान्यांच्या मधोमध होता. खाली सहीपाशी जागा मोकळी.

"वाकडा पडला असेल," मी म्हटलं.

"वाकडा नाहीये. नेमका आहे. एवढा नेमका शिक्का मी जन्मात चार-पाच वेळाच मारला असेन."

त्यांनी कागद खिडकीच्या काचेवर धरला. शाईखाली टंकलेखनाचा एक शब्द होता. मी तो स्कॅन केला, रंग कमी-जास्त केले, आणि स्क्रीनवर शब्द वर आला. जन्मतारखेच्या खालचा रकाना. तिथे काय विचारतात ते जगातल्या कुठल्याही फॉर्मवर सारखंच असतं, आणि जे लिहिलं होतं ते वाचायला शब्दकोश लागत नव्हता. कर्नल स्त्री होते.

मी बायकोला हाक मारली. तिनं स्क्रीनकडे बघितलं, मग फोटोकडे बघितलं, आणि खुर्चीत बसली. मला त्या अंघोळीच्या दारावरचा पोरगा दिसत होता, रिकामी बंदूक घेतलेला. मालकांची आईही मला आठवली. पेटत्या रेल्वे स्टेशनातून कर्नलनी तिला खोगिरावर उचलून आणलं आणि मुलगी म्हणून वाढवलं, असं मालक सांगत. तेही मी अतिशयोक्तीत धरलं होतं.

बाबांनी कागद खाली ठेवला. "डॉक्टरनं सहा जखमा मोजल्या म्हणजे कपडे काढून मोजल्या. दिसलं ते त्यानं लिहिलं, त्याचं काम ते. मग हा कागद कुणा कारकुनाच्या टेबलावर आला. त्यानं वाचला, शिक्का उचलला, आणि सहीवर न मारता इथे मारला."

"का पण?"

"बाई म्हटलं असतं तर सन्मानपत्र मिळालं असतं का? आणि मिळालं असतं तर कोणाच्या नावानं? त्या माणसाच्या नावानं नाही." ते चष्मा पुसत म्हणाले, "आमच्याकडे एकाच्या जेलच्या दाखल्यावर गुन्हा चोरीचा लिहिलेला होता. पत्रकं वाटताना पकडला होता, पण पोलिसांनी चोरी लावली. आमच्या साहेबांनी माझ्यासमोर त्या शब्दावर शिक्का मारला. शिक्का मारताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"मालकांना विचारायला हवं," मी म्हटलं.

"विचारायचं काय त्यात? भल्या माणसानं झाकलंय. झाकलेलं राहू दे."

इथे माझी चूक सांगायला हवी. ती चूक एखाद्या दुष्ट माणसानं केली नसती, कारण त्याला आधी विचार करावा लागला असता. मी नुसतं माझं काम केलं. आमच्या विभागात ठरलेल्यापेक्षा काही वेगळं आढळलं की ते नोंदवायचं, कारण आज नोंदवलं नाही तर तो दोष तसाच पुढच्या टेबलावर जातो. दहा वर्षं मी हेच केलं होतं. यादीत दाखल्याच्या ओळीला शेवटचा रकाना होता, विशेष नोंदीचा, आणि तो मोकळा ठेवणं माझ्या हाताला जमेना. मी लिहिलं: शिक्क्याखाली, लिंगाच्या रकान्यात, 'स्त्री' असा शब्द वाचता येतो. आणि खरं सांगायचं तर लिहिताना थोडी मजाही वाटली. तीन वर्षं ऐकलेल्या भाषणांवर मला एकदा तरी तळटीप टाकायची होती.

यादी वर नेली. मालकांनी विचारलं, "सगळं नीट भरलंय?" मी हो म्हटलं. त्यांनी भिंग शोधलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवून खाली सही केली.

बायको म्हणाली, "निदान त्यांना सांग तरी." मी सांगतो म्हटलं. पण रोज संध्याकाळी वरून भाषणाच्या तालमीचा आवाज येत होता, आणि त्या आवाजात मला जिना चढवेना. शिवाय माझी अशी समजूत होती की जर्मनीत कागद फाइलमध्ये जातात आणि तिथे सुखानं राहतात. शेवटचा रकाना कोणी वाचतं, हे मला माहीत नव्हतं. आमच्या कंपनीत कोणी वाचत नसे.

प्रदर्शनाचं उद्घाटन नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी अकरा वाजता होतं. मी आणि बाबा थोडे आधी गेलो. पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात एका ग्रीक शिंप्याचं यंत्र होतं, एका तुर्की ओतकाम करणाऱ्याचे हातमोजे होते, महायुद्धानंतर पूर्वेकडून हाकलून दिलेल्या एका जर्मन कुटुंबाच्या गाड्याचं चाक होतं. आणि समोरच्या भिंतीवर कर्नल. माणसापेक्षा उंच फलक. वर फोटो, त्या नजरेसकट. फोटोच्या खाली, हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत: कर्नल एक स्त्री होती. त्याखाली डॉक्टरचा दाखला, दसपट मोठा केलेला. शिक्का फिका करून मधला शब्द ठळक केला होता. माझ्यापेक्षा चांगला केला होता.

प्रदर्शन लावणाऱ्या इतिहासाच्या बाई हसत माझ्याकडे आल्या. चांगल्या होत्या, मेहनती होत्या. म्हणाल्या, तुमची नोंद नसती तर हे आमच्या लक्षातच आलं नसतं. सगळ्या प्रदर्शनात हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. मी विचारलं, मालकांशी बोललात का. त्या गोंधळल्या. यादीवर त्यांची सही होती ना, म्हणजे घरच्यांना माहीतच असणार.

मी म्हटलं, हे आत्ता काढा. त्यांनी फलकाकडे बघितलं. तो भिंतीत स्क्रूनं बसवला होता, आणि खाली पायऱ्यांवर लोक चढत होते.

मालक आले. राखाडी लोकरीचा कोट, केस पाण्यानं बसवलेले, भाषणाची पानं हातात गुंडाळलेली. मी दारातच त्यांना गाठलं आणि म्हटलं, मला तुमच्याशी दोन मिनिटं बोलायचंय. ते म्हणाले, "नंतर." आणि माझा खांदा थोपटून पुढे गेले. ते सरळ फलकापाशी गेले. लांबून त्यांना फोटो दिसला असावा, कारण ते आधी हसले. मग खिशातून भिंग काढलं आणि जवळ जाऊन वाचायला लागले. एकेका अक्षरावर भिंग सरकत होतं. लोक मागे खुर्च्यांवर बसत होते. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो, आणि ती पाठ जराही हलली नाही.

महापौर बोलले. गाव म्हणजे एक मोठं कुटुंब, वगैरे. मग त्यांनी मालकांना बोलावलं. सभागृहात काही जणांनी घड्याळं बघितली, कारण गाव त्यांची भाषणं ओळखून होतं.

त्यांनी हातातली पानं कोटाच्या खिशात घातली.

म्हणाले, मी अकरा वर्षांचा होतो. आजी त्याआधीच गेली होती. तीन दिवसांच्या तापानं कर्नल गेले तेव्हा घरात मी एकटा. त्या गावात मेलेल्या माणसाला अंघोळ घालायला बायका येत, तशा आल्या, पाणी घेऊन. मी त्यांना परत पाठवलं. कर्नलनी वर्षभर आधीच हुकूम दिला होता, मी गेलो की दार लाव, आत तू एकटा, मला तयार कर आणि मगच दार उघड. मला वाटलं, नेहमीसारखा पहाराच आहे. मी अडसर घातला.

त्यांचा आवाज भाषणाचा नव्हता. मी तो आधी कधी ऐकला नव्हता.

"तोपर्यंत मला माहीत नव्हतं. मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. किती वेळ ते आठवत नाही. मग वळलो आणि माझ्या आजोबांना अंघोळ घातली."

त्यांनी एकदा फलकाकडे बघितलं.

"त्यांच्या अंगावर गोळ्यांच्या सहा खुणा होत्या. मी सगळ्यांना पाच सांगत आलो. सहावी छातीवर होती."

पुढचं त्यांनी भरभर सांगितलं. गणवेश चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, दार उघडलं. बाहेर जुने स्वार हॅट काढून उभे होते. तो पोरगा त्यांना म्हणाला, कर्नल तयार आहेत. त्यांनी उचललं. कोणी काही विचारलं नाही. त्यांतल्या कुणाकुणाला माहीत होतं, हे त्याला कधी कळलं नाही.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"यादीवर सही माझी आहे," ते सर्वांना म्हणाले. "मी न वाचता केली. पहारेकरी झोपला."

मागे कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला आणि टाळ्या थांबल्या.

"आता कृपा करून सगळ्यांनी बाहेर थांबा. त्यांना पुन्हा कपडे घालायचे आहेत."

श्वाबेनमधली माणसं असं काही ऐकून काय करतील हे मला सांगता आलं नसतं. ती उठली. खुर्च्यांचा आवाज न करता उठली, आणि एकामागून एक बाहेर गेली. महापौरांनी दार धरलं. इतिहासाच्या बाई सर्वांत शेवटी निघाल्या, आणि निघताना त्यांचा चेहरा पांढराफटक होता. मी गर्दीबरोबर बाहेर ढकललो गेलो. दार लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबा माझ्याबरोबर नाहीत.

आम्ही पन्नास-साठ माणसं त्या व्हरांड्यात उभे होतो. टेबलावर ग्लास भरून ठेवले होते, कोणी हात लावला नाही. आतून काही ऐकू येत नव्हतं. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, मालकांच्याच वयाचे, याच गावात वाढलेले. ते बुटांकडे बघत उभे होते.

दार उघडलं. मालक शर्टात होते. "बिट्टे, या," ते म्हणाले, आणि बाजूला झाले.

फलकावर त्यांचा राखाडी कोट होता. फलकाच्या दोन्ही कडांना खांदे अडकवलेले, बाह्या खाली सोडलेल्या, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. शीर्षक आणि दाखला कोटाखाली गेला होता. कॉलरच्या वर कर्नलची हनुवटी, ती नजर आणि ती हॅट. लोक एकेक करून समोर थांबले आणि पुढे गेले. प्रदर्शन तीन महिने चाललं. कोट कोणीही काढला नाही, बाईंनीही नाही.

घरी जाताना मालक आमच्या पुढे चालत होते, थंडीत, नुसत्या शर्टात. मी त्यांना गाठून माफी मागितली. ते म्हणाले, "जा, जा," म्हणजे होय, होय, आणि चालत राहिले. त्यानंतर दीड-दोन वर्षं आम्ही त्या घरात होतो. ते आमच्याशी सभ्यपणे वागले, बाबा परत गेल्यावर त्यांची चौकशीही करत. पण कर्नलची एकही गोष्ट मी पुन्हा ऐकली नाही. मी गोळ्या मोजत असे त्या दिवसांतलं काहीतरी मला परत हवं होतं, आणि ते मागायला मला तोंड नव्हतं.

त्या रविवारी मी बाबांना विचारलं, भाषण कळलं का तुम्हाला.

"एक अक्षर नाही," ते म्हणाले. "सगळे उठून गेले, मला वाटलं चहा असेल."

"मग तुम्ही का थांबलात?"

"तो कोट काढून त्या पाटीला अडकवायला बघत होता. एकट्याला जमत नव्हतं, एक बाजू लावली की दुसरी निसटायची. मग मी एक खांदा धरला."

आम्ही थोडं चाललो. पुढे मालकांची पांढऱ्या शर्टातली पाठ कोपऱ्यावर वळली.

"बटणं मात्र त्यानं मला लावू दिली नाहीत," बाबा म्हणाले.